दुसरा ट्रक

सगुण गांवसला गप्प बसलेलं यंत्र बघवत नसे. माणूस गप्प बसला तर चालायचं, बायको गप्प बसली तर बरंच वाटायचं, पण पडद्यावरचा एखादा सर्व्हर मिनिटभर बोलला नाही की त्याच्या पायांना मुंग्या यायच्या. मग तो खुर्चीवरून उठायचा, जनेलापर्यंत जायचा, खाली रस्त्यावर डोकावून परत येऊन बसायचा, माऊस उगाच इकडेतिकडे हलवायचा आणि पुन्हा उठायचा. हरमलातली त्याची घरमालकीण यशोदाबाई खालच्या रांधपाच्या खोलीत बसून माडीवरची पावलं ऐकायची आणि आज सगुणबाबचं काहीतरी अडलंय हे ओळखायची.

काम सांगायला सोपं होतं, करायला जिवाला घोर. डायलिसिसची केंद्रं चालवणारी एक कंपनी होती, गोव्यापासून वर पुण्यापर्यंत तिची सव्वीस केंद्रं. कुठल्या पेशंटने कुठल्या दिवशी कुठल्या यंत्रावर यायचं, त्याचा निरोप फोनवर कधी जायचा, हे सगळं तीन शहरांत ठेवलेले सर्व्हर कुणाच्या नजरेस न पडता परस्पर करत असत. एकेका कामाला जॉब म्हणायचं. जॉब घेतलेल्या सर्व्हरने दर अर्ध्या मिनिटाला बोर्डावर खूण करायची की मी आहे, चालू आहे. खूण आली की हिरवं, चुकली की पिवळं, फारच लांबली की लाल. सगुण हरमलात बसून हा बोर्ड राखायचा. हैदराबादचा सर्व्हर काळा की गोरा हे त्याला ठाऊक नव्हतं आणि कधी कळणारही नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायचं काम, असं तो स्वतःच म्हणायचा. हरमलात अशासाठी की गोऱ्या पाहुण्यांच्या कृपेने तिथं फायबरचं नेट आलं होतं. त्याच्या मुळगावच्या घरी नेट आलं की नेमकी वीज जायची.

त्याआधीची चौदा वर्षं त्याने डिचोलीकडच्या एका खाणीवर काढली होती. पत्र्याच्या खोपीत बसून ट्रक सोडायचे. खाणीवरून खनिजाची माती भरून ट्रक जेटीवर जायचा, तिथं बार्ज, ती माती नेणारी सपाट बोट, भरतीच्या पाण्याची वाट बघत उभी. वाटेत तीन चौक्या. ट्रक पुढून गेला की चौकीवाला वायरलेसवर सांगायचा. दोन चौक्यांच्या मधे एखादा ट्रक गप्प झाला तर सगुण विचार करत बसायचा नाही, त्याच ट्रिपवर दुसरा ट्रक सोडायचा. पहिला पोचला नाही तर दुसरा आहे, आणि दोन्ही पोचले तर कुणाचं काय बिघडलं, माती मातीच. भरती कुणासाठी थांबत नाही. चौदा वर्षांत त्याच्यामुळे एक बार्ज अर्धी रिकामी गेली नाही, आणि ह्या गोष्टीचा त्याला अभिमान होता. एकदा मे महिन्यात सखाराम राऊळचा ट्रक वळणावरून खाली गेला, तरी त्या दिवशीची बार्ज वेळेवर सुटली. मॅनेजरने सगुणच्या पाठीवर थाप मारली होती.

खाणी बंद पडल्या. ड्रायव्हर पांगले, ट्रक अंगणांत ताडपत्रीखाली गंजत पडले, आणि सगुणने एक्केचाळिसाव्या वर्षी म्हापशात पोराटोरांच्या बाकावर बसून कॉम्प्युटरचा कोर्स केला. मुलाखतीत त्याला विचारलं, सर्व्हर गप्प झाला तर काय कराल? त्याने दुसऱ्या ट्रकची गोष्ट सांगितली. समोरची मंडळी खूश झाली. पहिल्या ट्रकचं पुढे काय व्हायचं, हे कुणी विचारलं नाही.

डिसेंबरातल्या एका सोमवारी अकरा केंद्रांतल्या पाण्याच्या यंत्रांचे फिल्टर बदलायचे ठरले. पाण्याशिवाय डायलिसिस नाही, म्हणून त्या सोमवारचे दोनशे तेरा पेशंट एक दिवस पुढे, मंगळवारी घ्यायचे होते. डॉक्टरांनी एकेकाचे कागद बघून मान्यता दिली होती आणि बजावलंही होतं: एक दिवस चालेल, दोन चालणार नाहीत. ज्यांची किडनी कामातून गेली आहे त्यांच्या अंगात पाणी साठत जातं, आणि दुसऱ्या दिवशी ते छातीत उतरतं.

जॉब साधा होता. यादीतल्या माणसाची जी तारीख असेल तिच्यात एक दिवस मिळवायचा आणि त्याला निरोप पाठवायचा. रविवारी सकाळी दहाला सगुणने तो सोडला. हैदराबादच्या सर्व्हरने तो घेतला, एकदा ‘मी आहे’ म्हणाला आणि गप्प झाला. यादीतलं एकही नाव पुरं झाल्याची नोंद नाही. अर्धं मिनिट गेलं, एक गेलं, दोन गेली. बोर्ड पिवळा.

अशा वेळी काय करायचं ते भिंतीवर चिकटवलेलं होतं, तेही सगुणच्याच अक्षरात. पंधरा मिनिटं थांबायचं. मग पहिला सर्व्हर खरोखरच बंद आहे ना, हे तिथल्या माणसाला विचारायचं. आणि त्याने हो म्हटल्यावरच जॉब दुसऱ्याला द्यायचा. सगुण जनेलापर्यंत गेला. खाली एक गोरी बाई स्कूटर सुरू करायला धडपडत होती. तो परत आला. पिवळंच. दोनशे तेरा माणसं खोळंबली आहेत आणि आपण भिंतीवरचा कागद वाचतोय, असं त्याच्या मनात आलं. चौथ्या मिनिटाला त्याने तोच जॉब मुंबईच्या सर्व्हरला दिला.

पावणेअकराला हैदराबादचा सर्व्हर बोलला. तो मेलाच नव्हता. बोर्डाशी त्याचा संबंध तुटला होता, कामाशी नव्हता. इतका वेळ तो मुकाट्याने यादी संपवत होता. पाठोपाठ मुंबईचाही पुरा झाला. दोन्ही हिरवे. सगुणला जेटीवर दोन ट्रक एकामागोमाग आल्याचं जुनं समाधान वाटलं, आणि तो शीळ घालत जेवायला उतरला.

यशोदाबाईने बांगड्याचं हुमण केलं होतं. दोन घास झाले, सोलकढीचा पेला त्याने तोंडाला लावला आणि डाव्या हाताने फोनवर दिवसाचा गोषवारा उघडला. पेशंट दोनशे तेरा. पाठवलेले निरोप चारशे सव्वीस.

पेला तसाच राहिला. पहिल्या जॉबने सोमवारचा मंगळवार केला होता. दुसऱ्याने यादी पुन्हा वरून घेतली आणि मंगळवारचा बुधवार केला. माती मातीच असते, पण तारखेत दोनदा दिवस मिळवला की माणसाचा जीव जायची वेळ येते. यशोदाबाई म्हणाली की जेवण थंड होतंय. तो हात न धुताच जिना चढला.

पहिला विचार त्याच्या मनात आला तो लपवायचा होता, हे सांगायला हवं. कुणी बघितलेलं नाही, एक उलटा जॉब सोडू, दिवस वजा करू, कुणाच्या बापाला कळणार नाही. यादी वर-खाली करता करता त्याला डिचोली केंद्राच्या नावांत ‘सखाराम राऊळ, वय सत्तावन्न’ दिसलं. सखारामभाऊला हा आजार असल्याचं त्याने ऐकलं होतं. दोन वर्षांत तो एकदाही भेटायला गेला नव्हता. जाऊ जाऊ म्हणता राहून गेलं, असं तो स्वतःला सांगायचा. ते नाव त्याने दोनदा वाचलं, आणि पुण्याला सुमंगलाबाईंना फोन लावला.

सुमंगलाबाई त्याच्या वरच्या अधिकारी. त्यांनी मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “किती वेळ थांबलात?”

“चार मिनिटं.”

त्यांनी आवाज चढवला नाही. रागावल्या असत्या तर सगुणला हलकं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, उलटा जॉब तुम्हीच सोडा, पण आधी मागचे दोन्ही पुरते थांबलेत ह्याची खात्री करून घ्या, आणि ह्या वेळी काहीही झालं तरी नियम मोडू नका. जे झालं ते अहवालात लिहायचं, तेही तुम्हीच.

साडेतीनला त्याने उलटा जॉब सोडला. आणि नशीब बघा, तोही आठव्या मिनिटाला गप्प झाला. बोर्ड पिवळा. आता दुसरा सोडावा तर बुधवारचा मंगळवार आणि मंगळवारचा पुन्हा सोमवार व्हायचा, आणि सोमवारी केंद्रांना कुलूप. सगुण हात मांड्यांखाली दाबून बसला. खरंच दाबून बसला. मोकळे ठेवले असते तर त्यांनी काहीतरी केलंच असतं. समुद्रावरून कुठल्याशा शॅकमधलं ढमढम संगीत येत होतं. तो गप्प झाल्याला पाच मिनिटं झाली, सात, दहा. पाठीवरून घाम ओघळत होता आणि डोळे त्या पिवळ्या ठिपक्यावर. तेराव्या मिनिटाला ठिपका हिरवा झाला, आणि थोड्या वेळाने यादी संपली. पेशंट दोनशे तेरा, निरोप दोनशे तेरा, सगळे मंगळवारचे, सगळे पोचले. सुमंगलाबाई म्हणाल्या, छान झालं, आता विश्रांती घ्या.

विश्रांती कसली घेतोय. निरोप पोचला म्हणजे फोनला पोचला. माणसाला पोचला की नाही हे बोर्ड सांगत नाही. ही गोष्ट सगुणला इतकी वर्षं ठाऊक होती आणि इतकी वर्षं तिने त्याला कधी टोचलं नव्हतं. सोमवारी सकाळी त्याने सखारामभाऊचा नंबर फिरवला. रिंग वाजत राहिली. नऊला, साडेनऊला, दहाला, अकराला. फोन चालू होता आणि माणूस गप्प होता. आता दुसरा कुणाला धाडणार?

दुपारी एकला सखारामभाऊच्या सुनेने, रुक्मिणीने तो उचलला. ती काजूच्या कारखान्यातून जेवायला घरी आली होती. तिच्याकडून कळलं ते असं: काल दुपारी बाबांनी तिच्याकडून निरोप वाचून घेतले, शेवटचा बुधवारचा होता. डायलिसिसच्या दर सोमवार-गुरुवारने बांधून घातल्यापासून दोन वर्षं त्यांना गावच्या जत्रेला जाता आलं नव्हतं. मधे इतके दिवस मोकळे मिळाले म्हटल्यावर त्यांना कोण धरून ठेवणार? संध्याकाळच्या गाडीने ते आरोंद्यापलीकडच्या आपल्या वाडीला गेले. फोन फळीवर चार्जिंगला लावलेला तसाच राहिला. वाडीत कुणाच्याच फोनला रेंज नाही. बुधवारी सकाळी येतो म्हणालेत.

म्हणजे दोनशे तेरावा हिरवा ठिपका डिचोलीत फळीवर पडला होता. मागचं डायलिसिस गुरुवारी झालेलं. बुधवारपर्यंत सहा दिवस होणार होते, आणि जत्रेत कोण पाणी मोजून पितो?

सगुणने बोर्ड दुसऱ्या पाळीच्या माणसाकडे सोपवला, सुमंगलाबाईंना दोन ओळी पाठवल्या आणि स्कूटर काढली. पालयेवरून किरणपाणी, तिथून पूल ओलांडून आरोंदा. वाटेवर त्याला एकसारखं वाटत होतं की आपण काहीतरी विसरलोय. खिसा चाचपला, फोन होता. पेट्रोल होतं. मग लक्षात आलं की विसरलेलं काही नाही, फक्त एखाद्या गप्प झालेल्या माणसाला बघायला आपण जन्मात पहिल्यांदाच निघालोय. आरोंद्यापुढे रस्ता अरुंद झाला, दोनदा वाट चुकली, एकदा म्हशींनी अडवलं. त्या दहा म्हशी जाईपर्यंत त्याने हॉर्न वाजवून वाजवून गुराख्याच्या चार शिव्या खाल्ल्या.

वाडीत पोचला तेव्हा उन्हं उतरली होती. देवळासमोर खाज्यांची दुकानं लागली होती, पताका, नारळांचे ढीग, नव्या साड्या. सखारामभाऊ देवळाच्या कठड्याला टेकून बसला होता. सगुणने त्याला आधी ओळखलंच नाही. तोंड सुजलेलं, पाय घागरीसारखे, बोलताना मधेच श्वास तुटत होता. हातात शहाळं होतं, आणि तो मजेत होता.

“अरे सगुण! तू जत्रेक?”

सगुणने त्याच्या हातातलं शहाळं काढून घेतलं आणि शेजारी बसून एका दमात सगळं सांगितलं. दोन जॉब, दोन निरोप, बुधवार खोटा, मंगळवार खरा, आत्ताच्या आत्ता निघायचं. रेंज मिळाली की डॉक्टरांशी बोलू, सकाळी पहिल्या पाळीत घेतील. सखारामभाऊला सर्व्हर समजला नाही, पण बाकीचं चांगलंच समजलं. इतकी वर्षं तो त्याच पद्धतीखाली राबला होता.

“म्हंजे पयलो गप्प झालो म्हणान तू दुसरो सोडलंस,” तो म्हणाला.

“व्हय.”

“आणि पयलो जितोच होतो.”

सखारामभाऊने पायावरचं धोतर सारखं केलं. उजव्या पोटरीवर जुना, लांब, चकाकता व्रण होता.

“त्या दिसा मी पण जितोच होतंय,” तो शांतपणे म्हणाला. “वळणाखाली, पाय स्टेरिंगात अडाकलेलो. वरसून तुझो दुसरो ट्रक गेलो तो मी आयकलंय. म्हटलंय, आता कोणतरी येतलो. चार तास झाले. माका काजी वेचणाऱ्या बायलांनी भायर काढल्यानी. खाणीवरसून कोण येवक नाय, सगुण. बार्ज मात्र वेळेर भरली.”

हे बोलताना त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सगुणला सोसेना. त्याला लाज वाटली, अशी की त्या गर्दीतून उठून पळावं. पाठीवरची ती थाप त्याला पंधरा वर्षांनी आत्ता लागली. तो म्हणाला, चुकलंच माझं भाऊ, तेव्हाही आणि कालही. सखारामभाऊने मान हलवली, ती माफ केलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते कळलं नाही.

“पालखीची एक फेरी बघतंय,” तो म्हणाला. “मगे चल खंय नेतंस थंय.”

सगुणला एक क्षणही दम निघत नव्हता. सखारामभाऊचा पुतण्या अनंत आपली व्हॅन काढायला गेला होता, ढोल वाजायला लागले होते, सखारामभाऊचा श्वास आणखी आखूड वाटत होता, की तो नुसता भास होता? पण ज्याने चार तास वाट बघितली त्याला एक फेरी नाही कशी म्हणायची? सगुण बसून राहिला. पालखी दीपमाळेकडून निघाली, पाठीमागून वळली, हळूच पुढे आली. सखारामभाऊने बसल्या बसल्या हात जोडले. मग सगुणच्या खांद्यावर भार देऊन तो उठला.

स्कूटर वाडीतच राहिली. अनंत व्हॅन हाकत होता आणि मागे दोघे. सखारामभाऊला उशी लावून ताठ बसवलं होतं. बांद्याच्या अलीकडे रेंज आली. डॉक्टरांनी सांगितलं की फिल्टरचं काम संपत आलंय, सरळ केंद्रावर आणा, सकाळची वाट बघू नका. सगुणने फोन ठेवला आणि अनंतला म्हणाला की बाबा, जरा लवकर घे.

गोव्याची हद्द ओलांडली तेव्हा अंधार पडला होता. सखारामभाऊचे डोळे मिटले होते, मान एका बाजूला. व्हॅनच्या आवाजात त्याचा श्वास ऐकू येईना. सगुणने वाकून बघितलं, पुन्हा बसला, पुन्हा वाकला. पायांना मुंग्या आल्या, पण इथं उठून जायला जनेल नव्हतं.

“भाऊ,” त्याने हाक मारली.

“हं.”

“गप्प ऱ्हावू नकात. कायतरी बोला.”

सखारामभाऊने डोळे न उघडता थोडा दम घेतला. “ह्या टायमाक दुसरो ट्रक धाडूक नाय तू,” तो म्हणाला. “सोता इलंस.” एवढं बोलूनच तो थकला आणि पुन्हा गप्प झाला.

सगुणने मनात अर्धं मिनिट मोजलं आणि पुन्हा हाक मारली.

“आसंय रे, आसंय.” म्हणजे मी आहे.

डिचोली यायला अजून पाऊण तास होता. सगुण दर अर्ध्या मिनिटाला हाक मारत राहिला, आणि दर वेळी त्या अंधारातून कधी लवकर, कधी जीव टांगणीला लावून, उत्तर येत राहिलं की आसंय.